टायर कुठल्या बाजूने घासला?

जुना टायर दुकानात सोडून येण्यापूर्वी पाच मिनिटं त्याच्याकडे नीट बघावं. नवा टायर घेताना आपलं सगळं लक्ष नव्यावर असतं. कंपनी कोणती, भाव काय, जुन्याचे किती कमी होतील, याचीच चर्चा चालते. तोवर जुना दुकानामागच्या ढिगात जाऊन पडतो आणि गाडीत नेमकं काय बिघडलं होतं याची एकमेव नोंद त्याच्याबरोबर जाते. मग नवाही त्याच बाजूने घासतो आणि मालक म्हणतो, ‘या कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही.’ लहान मोटारीचा टायर नीट चालला तर ढोबळमानाने चाळीस ते पन्नास हजार किलोमीटर जातो. तो पंधरा-वीस हजारांत संपला तर टायरला दोष देण्याआधी तीन ठिकाणी शोध घ्यावा लागतो: आतल्या हवेत, चाकाच्या कोनात आणि चाक धरून ठेवणाऱ्या सांध्यांत.

‘साहेब, गाडी टायर खायलीय,’ असं लातूरचा किंवा नांदेडचा मेकॅनिक सांगतो तेव्हा आपण एकच प्रश्न विचारायचा. कुठून? आतून, बाहेरून, मधून की दोन्ही कडांनी? एका चाकाचा की चारही? तो उत्तर न देता थेट ‘दोन नवे टाकून घ्या’ म्हणाला, तर दुसरा मेकॅनिक बघावा.

हे तपासणं आपल्यालाही जमतं. गाडी सपाट जागी उभी करून स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की पुढच्या चाकाची एरवी लपलेली आतली बाजू उघडी पडते. बाहेरून नक्षी नव्यासारखी आणि आतल्या कडेला पोलादी तार वर आलेली, अशा गाड्या रस्त्यावर सर्रास दिसतात. मालकाने फसवलेलं नसतं, त्याने आत डोकावलेलंच नसतं. खाचांची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजावी. त्यासाठीची छोटी मोजपट्टी स्वस्तात मिळते. तिन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर टायर सरळ घासतोय आणि हे प्रकरण तुम्ही सोडून दिलं तरी चालेल.

आकड्यांत थोडा फरक असणं स्वाभाविक आहे. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालत असल्यामुळे अशा गोल चौकाला फेरी घालताना गाडी सतत उजवीकडे वळत असते आणि भार डाव्या चाकांच्या बाहेरच्या कडेवर जातो. शहरातच फिरणाऱ्या गाडीची डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड म्हणून किंचित जास्त घासते. तो बिघाड नव्हे.

हवा

दोन्ही कडा घासल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला तर हवा कमी होती. मधला पट्टा घासला आणि कडा राहिल्या तर हवा जास्त होती. एवढं कुठल्याही माहितीपुस्तिकेत असतं. हवा कमी का राहते, याची कारणं मात्र जागेप्रमाणे बदलतात आणि मराठवाड्यात ती बरीच आहेत.

पहिलं कारण म्हणजे एक घट्ट समजूत: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. नांदेडचा पारा मे महिन्यात ४२-४४ अंशांवर जातो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं, त्यामुळे समजूत पटण्यासारखी वाटते. पण ती उलटी आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो. त्याच्या बाजूच्या भिंती सारख्या दुमडतात आणि उलगडतात. त्या दुमडण्यातूनच उष्णता तयार होते. म्हणजे फुटू नये म्हणून हवा काढायची आणि त्याच कारणाने टायर जास्त तापवायचा. हवा तापल्यावर दाब वाढणार हे धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. तो आकडा थंड टायरचा असतो, गाडी निदान तीन तास उभी असताना मोजण्याचा.

इथेच दुसरी चूक होते. अहमदपूरहून तासभर चालवून नांदेडच्या पंपावर गाडी लावली की हवेचा काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. पंपावरचा मुलगा प्रामाणिकपणे ती ‘जास्तीची’ हवा काढून टाकतो. रात्री टायर थंड झाला की हवा तेवढीच कमी. गरम टायरमधून हवा कधी काढू नये. सकाळी घराजवळच्या पंपावर जावं, किंवा घरीच काटा ठेवावा.

मग येतो ऋतूंचा हिशेब. मोटारीच्या टायरात दर दहा अंशांमागे दीडेक पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात ४० अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर, गळती मुळीच धरली नाही तरी, डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे २९ च्या आत दाखवेल. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय झिरपतोच. मे ते डिसेंबर कोणी काटा लावलाच नाही तर ३३ ची २२ होते. एवढ्या हवेवर गाडी चालते, पंक्चर वाटत नाही, फक्त कडा खात जाते.

‘टायर बसलेला दिसत नव्हता हो,’ असं यावर हमखास ऐकू येतं. खरं आहे, दिसत नाही. अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या काळातले टायर वेगळ्या बांधणीचे होते. त्यांच्या भिंती ताठ असत, हवा कमी झाली की डोळ्यांना कळे आणि जुने ड्रायव्हर लाथ मारून अंदाज घेत. मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. भारतात जेके टायरने तो १९७७ मध्ये बनवला. रेडियलची भिंत मऊ असते आणि पुरेशी हवा असतानाही ती खाली जरा फुगलेलीच दिसते. २५ आणि ३३ मधला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. बांधणी बदलून जमाना झाला, लाथ मारायची सवय तेवढी टिकून आहे.

चौथं कारण शेताच्या वाटेवरचं. बाभळीचा काटा किंवा तुरीचं धसकट ट्यूबलेस टायरात घुसलं की टायर लगेच बसत नाही. रबर त्या काट्याला आवळून धरतं आणि हवा आठवडाभर हळूहळू जात राहते. मालक दर रविवारी हवा भरतो आणि ‘हा टायर जरा हवा कमी करतो’ म्हणून सोडून देतो. तोवर गाडी त्या बाजूला ओढायला लागलेली असते. यावरून एक सोपी कसोटी निघते. एकाच चाकाच्या दोन्ही कडा घासल्या असतील तर साबणाचं पाणी लावून काटा शोधा, व्हॉल्व्हही तपासा. चारही चाकांच्या घासल्या असतील तर पंपावर जायची सवय लावा.

आकडा कोणता ठेवायचा, हे ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर छापलेलं असतं. अनेक गाड्यांत तिथे दोन आकडे असतात: एक नेहमीचा, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीचा. लग्नसराईत सात जणांच्या गाडीत नऊ जण, वर आहेराची भांडी असताना पहिला आकडा उपयोगाचा नाही. टायरच्या भिंतीवर कोरलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो. आणि नायट्रोजन? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो, त्यात ओलावा नसतो, एवढाच फायदा. तापल्यावर तो फुगत नाही, हे जे सांगितलं जातं, ते खोटं आहे. पैसे द्यायचे तर द्या, पण महिन्यातून एकदा काटा तरीही लावावाच लागेल.

चाकं कुठे बघतात

हवा बरोबर असूनही टायर एकाच कडेने घासत असेल तर चाकाच्या कोनाकडे वळावं. यात तीन कोन असतात, पण टायर खाणारे मुख्यतः दोन.

पहिला टो. पुढून बघितलं तर दोन्ही चाकांची तोंडं सरळ समोर हवीत. ती किंचित आत वळलेली असली तर टो-इन, बाहेर वळलेली असली तर टो-आउट. वखराला जुंपलेले दोन बैल एकमेकांपासून बाहेर ओढायला लागले तरी वखर सरळ जातो, पण बैलांच्या माना सोलवटतात. टो बिघडलेल्या गाडीचं तसंच होतं. दोन्ही चाकांची ओढ एकमेकींना मारते, गाडी सरळ जाते, म्हणून मालकाला शंका येत नाही आणि रबर सोलवटत राहतं.

किती सोलवटतं? हिशेब सोपा आहे. लहान गाडीच्या टायरचा व्यास सुमारे ५८० मिलिमीटर. समजा, एका चाकाचा टो अवघा दीड मिलिमीटर बिघडलेला आहे. म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना ते चाक अडीच मीटरहून जास्त आडवं ओढलं जातं. लातूर ते नांदेड सुमारे १४० किलोमीटर. तेवढ्या अंतरात तो टायर साडेतीनशे मीटर आडवा घासलेला असतो. नांदेडला रोज जाऊन येणाऱ्या गाडीचं महिन्याभरात काय होत असेल ते यावरून समजावं.

टो ओळखायला हात पुरतो. गाडी उभी असताना, इंजिन बंद करून, टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवावा. एकदा आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचत असेल तर टो बिघडलेला आहे. आतून बाहेर नेताना बोचलं तर टो-इन, बाहेरून आत आणताना बोचलं तर टो-आउट. तार वर आली असेल तर हात लावू नका, ती बोट चिरते.

दुसरा कोन कॅम्बर. चाक वरून आत किंवा बाहेर कललेलं असणं. यात एकच कड घासते, पण तळवा फिरवला तर दोन्ही दिशांनी गुळगुळीत लागतो, करवत नसते. आतली कड गेली असेल तर चाक वरून आत कललं आहे. दोन्ही पुढच्या चाकांत सारखंच असेल तर स्प्रिंग बसलेल्या असू शकतात. एकाच चाकात असेल तर त्या बाजूला कधीतरी जोरात आपटलेलं आहे.

आणि आमच्याकडे ते चाक पुष्कळदा डावं पुढचं निघतं. त्यामागे भूगोल आहे. मांजरा, तेरणा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाचा तो गुण आहे. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. त्याच मातीवर बांधलेला अरुंद डांबरी रस्ता पावसाळ्यात वर उचलला जातो, उन्हाळ्यात खाली बसतो, कडेने तुटतो. बाजूपट्टीचा मुरूम वाहून जातो आणि डांबर व माती यांच्यात वीतभर पायरी तयार होते. समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येतो. त्याला वाट देताना आपलं डावं चाक त्या पायरीवरून खाली जातं आणि वर चढताना लोअर आर्मला व स्ट्रटला हिसका बसतो. तुळजापूर-औसा-लातूर-चाकूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता रुंद झाला आहे, पण महामार्गावरून उतरून गावाकडे वळलं की ही पायरी भेटतेच. गाळपाच्या हंगामात रोज भेटते.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आणखी दोन गोष्टी बघून घ्याव्यात. रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी मध्ये उंचवटा ठेवलेला असतो, त्यामुळे डावीकडून चालणारी गाडी किंचित डावीकडे सरकतेच. रिकाम्या चौपदरी रस्त्यावर, सपाट भागात खात्री करावी. मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून बघावेत. ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरच्या बांधणीत आहे, हा टायर खरोखरच दोषी असण्याचा एक प्रसंग. ओढ तशीच राहिली तर कोनात किंवा ब्रेकमध्ये. प्रवासानंतर चारही चाकांजवळ हाताची पालथी बाजू नेऊन अंदाज घ्यावा, स्पर्श न करता. एकच चाक फार तापलं असेल तर धुळीने कॅलिपर अडकून ब्रेक धरून राहतो आहे.

खालचं खिळखिळं

‘मागच्याच महिन्यात अलाइनमेंट केली, तरी टायर खाल्ला.’ अलाइनमेंटच्या दुकानांवरचा हा सर्वांत मोठा राग. माझं मत विचाराल तर या रागात दुकानदाराचा दोष अर्धाच असतो. अलाइनमेंटचं यंत्र गाडी उभी असताना कोन मोजतं. लोअर आर्मचं रबरी बुश फाटलेलं असेल, टाय रॉडचा सांधा किंवा बॉल जॉइंट ढिला असेल, तर उभ्या गाडीचा कोन वेगळा आणि ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या, ब्रेक लावणाऱ्या गाडीचा वेगळा. पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे दिसतात आणि दुकानाबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर ते बदलतात. दुकानदाराचा अर्धा दोष हा, की चाक हलवून न बघता त्याने गाडी यंत्रावर घेतली.

चाक हलवून बघणं म्हणजे हे: गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवायचं. खेळ जाणवला तर हबचं बेरिंग किंवा बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ च्या जागी धरून हलवायचं. तिथे खेळ असेल तर टाय रॉड. बुश डोळ्यांनी बघावं लागतं, रबराला चीर असेल तर बदलायचं. गावोगावच्या गतिरोधकांवरून जाताना पुढून खडखड ऐकू येत असेल तर लिंक रॉडपासून सुरुवात करावी. तो स्वस्त असतो आणि आवाज मोठा करतो, पण टायर तो खात नाही. मेकॅनिकने फक्त तोच बदलून ‘आता टायर खाणार नाही’ म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

शॉकअप मेल्याची खूण अगदी निराळी असते. टायरभोवती हात फिरवला की ठरावीक अंतराने खळगे लागतात. स्प्रिंगची उसळी शॉकअप थांबवत नाही, चाक रस्त्यावर नाचत जातं, जिथे आपटतं तिथलं रबर जातं. मागच्या चाकांत हे जास्त सापडतं, कारण तिकडे कोणी बघत नाही. असा टायर वेगात घूं घूं आवाज करतो आणि बेरिंग गेलं समजून लोक बेरिंग बदलतात. फरक असा: गुळगुळीत डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची पट्टी बदलली तर टायर, स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे झुकवल्यावर बदलली तर बेरिंग. गाडीचा कोपरा दाबून सोडला आणि ती दोनापेक्षा जास्त वेळा हलली, किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर पुढची चर्चा नको. शॉकअप जोडीने बदला, एकटा नाही.

बॅलन्सिंगचंही इथेच सांगून टाकतो. ताशी १०० किलोमीटरला लहान गाडीचं चाक सेकंदाला पंधरा फेरे घेतं. रिमच्या कडेला वीस ग्रॅमचा फरक असेल तर त्या वेगात दर फेऱ्याला साडेतीन किलोएवढा हिसका बसतो. स्टेअरिंग थरथरलं तर पुढचं चाक, बूड थरथरलं तर मागचं. पण पावसाळ्यात शेतावर जाऊन आल्यानंतर अचानक थरथर सुरू झाली तर दुकानात जाण्याआधी रिमची आतली बाजू पाण्याच्या धारेने धुवा. काळ्या मातीचा वाळलेला गोळा वीस ग्रॅमहून कितीतरी जड असतो. तो तसाच ठेवून त्याच्या समोर शिशाचे तुकडे लावून घेतलेली चाकं असतात. पुढे माती आपोआप पडते आणि थरथर पुन्हा सुरू होते.

नियम आणि समृद्धी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. दुचाकी-तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ आहे. मोजपट्टी नसली तरी खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे दिलेले असतात, भिंतीवरच्या टीडब्ल्यूआय या अक्षरांच्या किंवा छोट्या त्रिकोणाच्या रेषेत. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. मधला पट्टा कितीही चांगला असो, एका कडेला उंचवटा टेकला तरी संपला.

नांदेड-लातूरच्या लोकांना हा नियम मोठ्या प्रमाणावर जाणवला तो समृद्धी महामार्गावर. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. सलग सिमेंट, मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आणि वेग कमी करायला लावणारं एकही गाव मध्ये नाही. अपघातांत टायर फुटल्याचं कारण वारंवार पुढे आलं आणि २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला, घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. जालन्याहून वर चढू पाहणाऱ्या गाडीने गावातल्या रस्त्यावर ताशी ५० ने जे वर्षभर निभावून नेलेलं असतं, ते तिथे तासभरही निभत नाही.

मात्र टायर फुटला हे उत्तर सोपं असल्यामुळे तेही तपासून घ्यावं लागतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा चालकाने आधी टायर फुटल्याचंच सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही.

दुकानात

कामाचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलला की पैसे वाया जातात. आधी बुश, सांधे, शॉकअप. मग टायर. मग हवा दारावरच्या आकड्याप्रमाणे. मग बॅलन्सिंग. सगळ्यांत शेवटी अलाइनमेंट, डिकीतली सोयाबीनची पोती उतरवून. उलट क्रमाने केलं तर अलाइनमेंट दुसऱ्यांदा करावी लागते.

बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो दुरुस्त करता येतो. कॅम्बर कारखान्यातूनच पक्का असतो आणि मागच्या चाकांचे दोन्ही कोन सहसा बदलता येत नाहीत. पडद्यावर कॅम्बर लाल दिसत असताना ‘तो असाच असतो, साहेब’ असं कोणी म्हणालं, तर अर्धं खरं असतं. पाना फिरवून तो बदलत नाही, पण लाल आहे म्हणजे काहीतरी वाकलेलं किंवा सरकलेलं आहे. ते शोधून बदलायचं असतं. मागचा एक्सल वाकलेला असेल तर पुढचा टो कितीही जुळवला तरी गाडी तिरकी चालणार.

टायरची अदलाबदल दर आठ-दहा हजार किलोमीटरला करावी. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे पुढे येताना बाजू बदलतात. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे लावायचे. दुकानात यावरून वाद होतो, कारण ओढ पुढच्या चाकांना असते आणि नवा माल पुढे दिसावा असं सगळ्यांना वाटतं. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची सरकली तर गाडी गिरकी घेते आणि घरच्या माणसाला ती सावरता येत नाही.

अलाइनमेंट झाल्यावर दुकानदाराकडून छापील कागद मागा, कामाआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे असलेला. यंत्राला तो छापता येतो, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. त्यावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी टायर एका बाजूने घासलेला दिसला तर आधी तो कागद मेकॅनिकपुढे ठेवा, नव्या टायरचा भाव त्यानंतर विचारा.